विश्लेषण : इंग्रजीतला ‘तू’ कुठे गेला? शब्द भाषेतून बाद होतात तेव्हा नेमके काय होते?

एखादे ॲप मराठीत आणायचे ठरले, की ते तयार करणाऱ्यांपुढे पहिला पेच उभा राहतो : वापरणाऱ्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? मूळ इंग्रजी मजकुरात याचे उत्तर सापडत नाही. तिथे मुलगा, साहेब, ग्राहक, देव अशा सर्वांसाठी एकच ‘यू’ आहे. पण इंग्रजी भाषा कायम अशी नव्हती. चारशे वर्षांपूर्वी तिच्याकडेही ‘तू’साठी स्वतंत्र शब्द होता. तो चुकीच्या माणसासमोर वापरला तर भांडण होई, घरात मारही बसे. आज तो शब्द रोजच्या बोलण्यातून नाहीसा झाला आहे. असे हजारो इंग्रजी शब्द काळाच्या ओघात मागे पडले. ते का मागे पडले आणि त्यांतले काही आजही पासपोर्टवर, भाडेकरारात आणि गॅरेजमध्ये कसे भेटतात?

‘कालबाह्य’ आणि ‘जुनाट’ शब्दांत फरक काय?

इंग्रजी शब्दकोश अशा शब्दांना वेगवेगळे शिक्के लावतात. ज्याचा वापर पूर्ण थांबला आहे, तो ‘ऑब्सोलीट’ म्हणजे कालबाह्य. जो रोजच्या बोलण्यातून गेला, पण प्रार्थना, कायदा किंवा ऐतिहासिक नाटकात मुद्दाम वापरला जातो, तो ‘आर्केइक’ म्हणजे जुनाट. तिसरा प्रकार ‘हिस्टॉरिकल’. यात शब्द नव्हे, तर ती वस्तूच गेलेली असते. ‘फार्दिंग’ हे पाव पेनीचे ब्रिटिश नाणे १९६०च्या अखेरीस चलनातून बाद झाले आणि शब्द इतिहासात जमा झाला. आपल्याकडची पै अशीच गेली. ‘पै-पै जोडणे’ मात्र राहिले.

या नोंदींचे सर्वांत मोठे दप्तर म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ मध्ये तिची कल्पना पुढे आली. पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि संपूर्ण शब्दकोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्यात कालबाह्य शब्दापुढे कट्यारीसारखे छोटे चिन्ह असते. एकदा आत आलेला शब्द या कोशातून सहसा काढला जात नाही. त्यामुळे तिथे मेलेल्या शब्दांचीही जन्मतारीख, अर्थ आणि शेवटचा ज्ञात वापर सापडतो.

‘दाऊ’ आणि मराठी ‘तू’ यांचे नाते काय?

इंग्रजीतला हरवलेला ‘तू’ म्हणजे ‘दाऊ’. ‘तुला’साठी ‘दी’ आणि ‘तुझा’साठी ‘दाय’ ही त्याची रूपे. अनेकांसाठी ‘यी’ हा कर्त्याचा शब्द आणि ‘यू’ हे त्याचे कर्माचे रूप. म्हणजे ‘यी’ आले आणि मी ‘यू’ पाहिले, अशी ती रचना होती. आजचा ‘यू’ मुळात फक्त अनेकवचनी होता आणि तोही कर्मापुरता.

‘दाऊ’ आणि ‘तू’ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. संस्कृत ‘त्वम्’, लॅटिन ‘तू’, फारसी ‘तू’ आणि जुन्या इंग्रजीतला ‘थू’ हे सर्व एकाच आदि-इंडो-युरोपीय मुळापासून आले, असे भाषाशास्त्र सांगते. जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये या बदलांचा नियम तपशिलाने मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. मूळ भाषेतला ‘त’ इंग्रजीच्या शाखेत ‘थ’ झाला आणि ‘प’चा ‘फ’ झाला, असे हा नियम सांगतो. म्हणून ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘पितृ’ आणि ‘फादर’, ‘पद’ आणि ‘फूट’ या जोड्या जुळतात. ‘तृण’ आणि काटा या अर्थाचा ‘थॉर्न’ हेही मुळात एकच. इंग्रजीने ‘दाऊ’ सोडला, तेव्हा मराठीशी असलेला एक जुना धागा तिच्या रोजच्या बोलण्यातून सुटला.

मग ‘दाऊ’ म्हणणे अपमान कसे ठरले?

सुरुवातीला हा फक्त एकवचन-अनेकवचनाचा हिशेब होता. राजा असो वा गुराखी, एकटा असेल तर ‘दाऊ’. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. एका थोर व्यक्तीला अनेकवचनात संबोधण्याची फ्रेंच रीत तेराव्या शतकापासून इंग्रजीतही दिसू लागली. मराठीत ‘तुम्ही’ जसे आदरार्थी झाले, तसेच तिथे ‘यी’ आणि ‘यू’ झाले. वडीलधाऱ्यांना, मालकाला, अनोळखी माणसाला ‘यू’. मुलांना, नोकरांना, जिवलगांना ‘दाऊ’.

शेक्सपिअरच्या नाटकांत हा फरक जागोजागी कामाला येतो. ‘हॅम्लेट’मध्ये राणी मुलाला ‘दाऊ’ म्हणून झापते, तर मुलगा तिला ‘यू’ने टोला देतो. ‘किंग लिअर’मध्ये निष्ठावान सरदार केंट भर दरबारात राजाला ‘दाऊ’ म्हणतो. त्या काळच्या प्रेक्षकांच्या भुवया तिथेच उंचावल्या असतील. ‘ट्वेल्थ नाइट’मध्ये तर द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहिणाऱ्याला, समोरच्याला दोन-तीनदा ‘दाऊ’ म्हण, असा सल्लाच दिला जातो.

प्रत्यक्षातही असे घडले. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारे ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक यांनी रॅलीला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हटले. इतकेच नव्हे, मी तुला ‘दाऊ’च म्हणतो, असे ठासून सांगितले. एका सरदाराला नोकराच्या पायरीवर आणण्यासाठी एवढे एक सर्वनाम पुरले. आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून विंदा करंदीकरांच्या ‘राजा लिअर’पर्यंत शेक्सपिअर मराठीत आणणाऱ्यांच्या हाती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्ही होते. आजच्या इंग्रजी वाचकाला मात्र हा फरक तळटिपेतून समजून घ्यावा लागतो.

सर्वनामापायी मार का खावा लागला?

सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ हा पंथ उभा राहिला. हेच क्वेकर. देवापुढे सगळी माणसे सारखी, तर माणसामाणसांत ‘दाऊ’ आणि ‘यू’ असा भेद कशाला, असा त्यांचा सवाल होता. एका माणसाला अनेकवचनात बोलणे म्हणजे त्याची खोटी स्तुती आहे, असे ते मानत. म्हणून श्रीमंत-गरीब, न्यायाधीश-नोकर सर्वांना ते ‘दाऊ’च म्हणत. १६६० मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक भाषांचे दाखले देणारे एक पुस्तकच छापले. एकाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन हेच बरोबर, हे त्यांना त्यातून सिद्ध करायचे होते.

समाजाला हे पचले नाही. कनिष्ठाने वरिष्ठाला ‘दाऊ’ म्हणणे हा उघड उद्धटपणा मानला जाई. त्यावरून क्वेकरांना शिव्या आणि मार खावा लागला. थॉमस एलवूड या तरुण क्वेकराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की वडिलांना ‘दाऊ’ म्हटल्यावरून त्यांनी दात पाडण्याची धमकी दिली होती. न्यायालयात टोपी न काढणे, शपथ न घेणे आणि चर्चचा कर न देणे या कारणांसाठी हजारो क्वेकर तुरुंगात गेले. न्यायाधीशाला ‘दाऊ’ म्हणण्याने त्यांच्याबद्दलचा रोष आणखी वाढत असे.

पण वारा उलटा वाहत होता. लंडनसारख्या वाढत्या शहरात समोरचा माणूस कोणत्या पायरीचा आहे, हे चटकन कळत नसे. चुकून अपमान होण्यापेक्षा सर्वांना ‘यू’ म्हणणे सुरक्षित होते. त्यात ‘दाऊ’ म्हणजे क्वेकरांची बोली, असा शिक्का बसल्याने इतरांनी तो अधिकच टाळला, असे काही अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रमाण इंग्रजीतून तो जवळपास गेला. समानता शेवटी आली, पण क्वेकरांना हवी होती तशी नाही. सगळे एकमेकांचे ‘तू’ होण्याऐवजी सगळेच ‘तुम्ही’ झाले.

आज ‘दाऊ’ उलट भारदस्त का वाटतो?

याचे मोठे कारण बायबल. विल्यम टिंडेल यांनी १५२६ मध्ये नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले. मूळ ग्रीक भाषेतला एकवचन-अनेकवचनाचा फरक त्यांनी ‘दाऊ’ आणि ‘यी’ वापरून जपला. १६११च्या ‘किंग जेम्स’ आवृत्तीने तीच वाट धरली. त्यामुळे त्यात देव, राजा आणि चोर सगळेच ‘दाऊ’ आहेत. रोजच्या बोलण्यातून शब्द गेला, प्रार्थनेत राहिला. मग पुढच्या पिढ्यांना वाटले, की देवाला म्हणतात म्हणजे हा खास आदराचा शब्द असणार. प्रत्यक्षात तो जवळिकीचा होता. मराठीतही विठ्ठलाला ‘अहो’ कोणी म्हणत नाही. ‘तू’च म्हटले जाते.

असाच गैरसमज ‘यी ओल्ड’ या पाटीबाबत आहे. जुन्या वळणाच्या ब्रिटिश दुकानांवर ती दिसते. पण त्यातला पहिला शब्द ‘यी’ नसून ‘द’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘थ’ आणि ‘द’ या ध्वनींसाठी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत ते हळूहळू इंग्रजी ‘वाय’सारखे दिसू लागले. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला, पण युरोपातून आलेल्या खिळ्यांत हे अक्षर नव्हते. छापणाऱ्यांनी त्याच्या जागी ‘वाय’ वापरून काम भागवले. वाचणारे ‘द’ असेच वाचत. पुढे ही सोय विसरली गेली आणि चुकीचा उच्चार रूढ झाला. ते अक्षर आइसलँडच्या भाषेत आजही वापरात आहे.

शब्द नेमके कशामुळे मरतात?

पहिले कारण सत्ता. १०६६ नंतर दरबार, न्याय आणि शिक्षण यांत फ्रेंच व लॅटिन शब्द आले आणि देशी शब्द मागे हटले. सैन्याला जुन्या इंग्रजीत ‘हेरे’ म्हणत. त्याची जागा फ्रेंचमधून आलेल्या ‘आर्मी’ने घेतली. ‘हेरे’चा अंश आज ‘हार्बर’ या शब्दात शिल्लक आहे. त्याचा मूळ अर्थ सैन्याचा निवारा.

दुसरे कारण अर्थाचा प्रवास. यात शब्द टिकतो, पण जुना अर्थ मरतो. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख. लॅटिनमध्ये अज्ञानी या अर्थाच्या शब्दापासून तो आला. ‘सिली’चा प्रवास नेमका उलटा झाला. मुळात भाग्यवान असलेला हा शब्द भोळा, दुबळा असे करत अखेर मूर्ख झाला. ‘स्टार्व्ह’ म्हणजे कोणत्याही कारणाने मरणे. आता तो उपाशी राहण्यापुरता उरला.

तिसरे कारण गोंधळ. दोन वेगळे शब्द घासून घासून एकसारखे झाले, तर एकाला जावे लागते. ‘लेट’चे तसेच झाले. परवानगी देणे या अर्थाचा एक ‘लेट’ होता आणि अडवणे या अर्थाचा दुसरा. नेमके विरुद्ध अर्थ, पण आवाज एकच. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालत. पुढे अडवणारा ‘लेट’ गेला. तरी तो दोन ठिकाणी भेटतो. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की पंच ‘लेट’ पुकारतात. बहुतेक अभ्यासक तो याच जुन्या अर्थाशी जोडतात. दुसरे ठिकाण म्हणजे भारतीय पासपोर्ट. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत, हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला कोणताही ‘लेट’ वा अडथळा न आणता जाऊ द्यावे, असे म्हटलेले असते. तिथला ‘लेट’ म्हणजे उशीर नव्हे आणि परवानगीही नव्हे. तो अडवणूक या अर्थाचा जुना शब्द आहे.

मेलेले शब्द दुसऱ्या शब्दांत कसे लपतात?

भाषाशास्त्रात त्यांना जीवाश्म शब्द म्हणतात. ‘वेअरवुल्फ’ म्हणजे लांडगा होणारा माणूस. यातला ‘वेअर’ म्हणजे पुरुष. तो संस्कृत ‘वीर’चा भाऊ, आणि ‘वुल्फ’ हा ‘वृक’चा. सुटा ‘वेअर’ केव्हाच गेला. ‘वर्ल्ड’ या शब्दातही तोच दडला आहे. त्याचा मूळ अर्थ माणसाचे युग.

नवरदेवाला ‘ब्राइडग्रूम’ म्हणतात. यातला ‘ग्रूम’ मुळात ‘गुमा’ होता, म्हणजे पुरुष. ‘गुमा’ विसरला गेल्यावर लोकांना तो भाग निरर्थक वाटू लागला. मग त्यांनी तिथे ओळखीचा ‘ग्रूम’ म्हणजे मुलगा, नोकर हा शब्द बसवला. ‘निकनेम’मध्ये तर अक्षराचीच उचलेगिरी आहे. ‘ईक’ म्हणजे अधिकचे, म्हणून ‘ॲन ईकनेम’ म्हणजे जोडनाव. बोलताना ‘ॲन’मधला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘अ निकनेम’ झाले.

मुंबई-पुण्यातल्या जुन्या मिठाईच्या दुकानांवर ‘स्वीटमीट’ असे लिहिलेले दिसते. शुद्ध शाकाहारी दुकानावर ‘मीट’ कशाला, असा विनोदही होतो. पण जुन्या इंग्रजीत ‘मीट’ म्हणजे कोणतेही अन्न. मांस हा अर्थ नंतर आला. त्यामुळे ‘स्वीटमीट’ म्हणजे निव्वळ गोड पदार्थ, आणि पाटी अगदी बरोबर आहे.

हजार वर्षांपूर्वीचा शब्द प्रयोगशाळेत का पोहोचला?

जुने शब्द समजून घेणे हा केवळ हौसेचा विषय नाही, हे दाखवणारी घटना २०१५ मधली आहे. जुन्या इंग्रजीत वैद्याला ‘लीच’ म्हणत. आज ‘लीच’ म्हणजे फक्त जळू. माणसाच्या पेशासाठी ‘डॉक्टर’ हा लॅटिन मुळाचा, शिक्षक या अर्थाचा शब्द आला. त्या जुन्या वैद्यांचा ‘बाल्ड्स लीचबुक’ हा ग्रंथ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात डोळ्याच्या संसर्गावर एक लेप दिला आहे. लसूण, त्याच कुळातली दुसरी एक वनस्पती, वाइन आणि बैलाचे पित्त एकत्र करून पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवायचे, अशी ती कृती.

नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांनी मिळून हा लेप तयार केला. अडचण एका शब्दाची होती. दुसऱ्या वनस्पतीचे नाव ‘क्रॉपलीक’. हा शब्द भाषेतून गेला आहे आणि तो कांद्यासाठी होता की लीक या पातीच्या भाजीसाठी, हे नक्की नाही. म्हणून संशोधकांनी दोन्ही वापरून वेगवेगळे नमुने केले. अनेक प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या ‘एमआरएसए’ या जिवाणूवर हा लेप प्रयोगशाळेत प्रभावी ठरला. सुटे घटक तेवढे प्रभावी नव्हते. संपूर्ण मिश्रणच काम करत होते. हा घरी करून पाहण्याचा उपाय नाही. पण जगाला नव्या प्रतिजैविकांची गरज असताना, एका विसरलेल्या शब्दाचा अर्थ लावण्यावर प्रयोगाची दिशा ठरली, हे महत्त्वाचे.

भाडेकराराच्या कागदावर हे शब्द का टिकून आहेत?

घर भाड्याने घेताना केल्या जाणाऱ्या इंग्रजी करारात ‘विटनेसेथ’ हा शब्द अनेकदा दिसतो. अर्थ एवढाच, की हा करार पुढील गोष्टींची साक्ष देतो. शेवटचा ‘एथ’ हा क्रियापदाचा जुना प्रत्यय. बोलीत त्याची जागा ‘एस’ने शेक्सपिअरच्या काळातच घ्यायला सुरुवात केली होती. वकिलांनी तो सोडला नाही. कारण सोपे आहे. न्यायालयात एकदा टिकलेले वाक्य बदलले, तर नवा वाद उभा राहू शकतो. चालू असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला कोणी हात लावत नाही, त्यातलाच हा प्रकार.

गृहकर्ज घेणाऱ्यांच्या ओळखीचा ‘मॉर्गेज’ हा जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा शब्दशः अर्थ ‘मृत तारण’. रॅलीला ‘दाऊ’ म्हणणाऱ्या त्याच एडवर्ड कोक यांनी १६२८ मध्ये छापलेल्या आपल्या कायद्याच्या ग्रंथात त्याचा अर्थ सांगितला आहे. कर्ज फेडले नाही तर जमीन कर्जदारासाठी मेली. फेडले तर तारण सावकारासाठी मेले. भारतात १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा शब्द आजही कायम आहे.

काही जुने शब्द मात्र निरुपद्रवी नसतात. ‘लुनॅटिक’ हा शब्द चंद्रासाठी असलेल्या लॅटिन ‘लूना’पासून आला. चंद्राच्या कलांमुळे वेड लागते, अशी समजूत त्यामागे होती. त्याच धर्तीवर नाव असलेला १९१२चा ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ भारतात १९८७चा मानसिक आरोग्य कायदा येईपर्यंत होता. आता २०१७चा कायदा लागू आहे. अमेरिकेने २०१२ मध्ये खास कायदा करून संघराज्याच्या कायद्यांतून ‘लुनॅटिक’ हटवला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९९च्या दिवाणी नियमांनी ‘प्लेंटिफ’ऐवजी ‘क्लेमंट’ असा सोपा शब्द आणला. भारतीय न्यायालयांत ‘प्लेंटिफ’ अजून आहे. आपण कशावर सही करतो आहोत, हे न कळणे हा नुसता भाषेचा प्रश्न राहत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी न कळलेल्या शब्दाचा अर्थ विचारणे हा पक्षकाराचा साधा हक्क आहे.

ब्रिटनमध्ये विसरलेले शब्द भारतात कसे जगले?

गाडीच्या जादा चाकाला मराठीत सर्रास ‘स्टेपनी’ म्हणतात. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधल्या लनेली या गावात डेव्हिस यांनी १९०४ मध्ये असे चाक विकायला आणले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून चाकाचे नाव स्टेपनी. ब्रिटनमध्ये हा शब्द आता जवळपास कोणाला माहीत नाही. भारतात मात्र तो प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे.

‘डिकी’चेही तसेच. घोडागाडीच्या आणि नंतर मोटारीच्या मागच्या बाजूला असलेल्या जादा बैठकीला इंग्रजीत ‘डिकी’ म्हणत. तशा गाड्या गेल्या. ब्रिटनमध्ये सामानाच्या जागेला ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’ म्हणू लागले. भारताने ‘डिकी’ ठेवली आणि ती स्कूटरलाही दिली. एखाद्या भाषेच्या मुख्य प्रदेशात शब्द मरतो, पण ती भाषा जिथे जिथे पोहोचली, तिथे तो जगू शकतो. ‘दाऊ’चेही थोडे असेच आहे. यॉर्कशायरच्या बोलीत तो ‘था’ या रूपात जुन्या लोकांच्या बोलण्यात टिकला.

शब्दकोशातून काढलेला शब्द परत येतो का?

मोठा ऑक्सफर्ड कोश शब्द राखून ठेवतो, पण शालेय कोशांत जागा मर्यादित असते. २००७च्या ‘ऑक्सफर्ड ज्युनियर डिक्शनरी’तून ओकचे फळ, ब्लूबेल फूल, किंगफिशर पक्षी यांची नावे वगळली गेली आणि ‘ब्लॉग’, ‘ब्रॉडबँड’ असे शब्द आले. मुलांच्या वापरातले शब्द ठेवले, असे प्रकाशकांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये मार्गारेट ॲटवुड यांच्यासह २८ लेखकांनी पत्र लिहून याला विरोध केला. नाव गेले की त्या पाखराकडे मुलांचे लक्षही जाणार नाही, ही त्यामागची काळजी होती. २०१७ मध्ये रॉबर्ट मॅकफर्लेन आणि चित्रकार जॅकी मॉरिस यांनी याच हरवलेल्या शब्दांवर ‘द लॉस्ट वर्ड्स’ हे पुस्तक काढले. ते खूप गाजले.

कधी कधी शब्द नव्या कामासाठी परततोही. ब्रिटनमध्ये रेडिओला ‘वायरलेस’ म्हणत. ‘रेडिओ’ रुळल्यावर तो आजोबांच्या काळातला शब्द ठरला. पुढे वायरशिवाय चालणारे इंटरनेट आले आणि ‘वायरलेस’ पुन्हा घरोघरी पोहोचला. ‘दाऊ’ तसा परतलेला नाही, पण त्याने सोडलेली जागा मात्र भाषेला खुपते. ‘यू’ एकाला की अनेकांना, हे कळत नसल्याने अमेरिकेच्या दक्षिण भागात ‘यॉल’, तर आयर्लंड आणि लिव्हरपूलमध्ये ‘यूझ’ अशी नवी अनेकवचने तयार झाली. ‘यू गाइज’ आता भारतातल्या ऑफिसांतही ऐकू येते. प्रमाण इंग्रजीने चारशे वर्षांपूर्वी गमावलेला एक-अनेकचा फरक बोलणारे लोक आपापल्या परीने भरून काढत आहेत. अजून त्यातले कोणतेच रूप सर्वमान्य झालेले नाही.